काचेवरचा पांढरा थर

पावसाळ्यात बसस्थानकावर साचलेल्या पाण्यात डिझेलचे दोन थेंब पडतात आणि क्षणार्धात त्या डबक्यावर तांबडा, हिरवा, जांभळा असे रंग तरळू लागतात. डिझेलला असा रंग नाही, गढूळ पाण्याला तर नाहीच. मग हे रंग येतात कोठून? याचे उत्तर थराच्या जाडीत आहे. पाण्यावर पसरलेला तेलाचा थर इतका पातळ असतो की त्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या घरात येते. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंग परस्परांना बळ देतात, काही परस्परांना पुसून टाकतात. जाडी बदलली की रंग बदलतो. साबणाच्या फुग्याचे रंगही याच कुळातले.

पदार्थ तोच, पण तो पातळ झाला की त्याचे वागणे बदलते, हा या विषयाचा पहिला धडा होय. भौतिकशास्त्रात अशा थरांना ‘थिन फिल्म’ म्हणतात. आपण त्यांना साधेपणाने पातळ थर म्हणू. सामान्यतः एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी जाडीचे थर या नावाखाली येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. तेव्हा केसाचे उभे शंभर काप करावेत आणि त्यातला एक उचलावा, इतकी ही वस्तू नाजूक.

कलाशाखेतील मित्र आम्हां विज्ञानवाल्यांना नेहमी विचारतात, “अरे, काचेला पांढरा रंग द्यायला तुम्हांला सहा आठवडे कशाला लागतात?” प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा विस्ताराने दिलेले उत्तर समजावे.

थराची महती

पातळ थर ही काही केवळ प्रयोगशाळेतील चैन नव्हे. पूर्वी गल्लीत कल्हईवाला येत असे. पितळेचे पातेले भट्टीवर तापवायचे, त्यात नवसागर टाकून ते स्वच्छ करायचे, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील सर्वत्र पसरवायचे. शास्त्राच्या काटेकोर मापाने कल्हईचा थर तसा जाडच म्हणावा लागेल. पण तत्त्व तेच. पातेले शेरभर पितळेचे, आणि त्यातली आमटी कळकणार की नाही हे ठरविणार आतला नखभरही नसलेला कथलाचा थर! आज चष्म्याच्या काचेवरची चमक कमी करणारा लेप, वेफर्सच्या पाकिटाला आतून लावलेला ॲल्युमिनियमचा मुलामा, मोबाइलच्या पडद्यावरचा वीज वाहून नेणारा पारदर्शक थर, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या घटांतही एक प्रकार पातळ थरांचा आहे. नेहमीच्या सौरघटात सिलिकनची चकती साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीची असते. कॅडमियम टेल्युराइडच्या घटात प्रकाश शोषणारा थर अवघ्या काही मायक्रॉनांचा पुरतो. पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात पावसाचा भरवसा नसला तरी उन्हाची वाण कधीच पडत नाही. तेव्हा हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही.

या शास्त्राचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. १७७४ साली बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतल्याची हकीकत प्रसिद्ध केली. ते तेल पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाण्यावर गेले आणि तेवढा भाग आरशासारखा शांत झाला. चमचाभर तेलाला अर्ध्या एकराने भागले की थराची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षाव्या भागांइतकी, म्हणजे जवळजवळ एका रेणूच्या लांबीएवढी येते. फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. पण त्यासाठी लागणारे दोन्ही आकडे त्याने लिहून ठेवले होते! १८५७ मध्ये मायकेल फॅरडेने सोन्याचे अतिपातळ थर करून त्यांतून आरपार जाणारा प्रकाश अभ्यासला.

मला सर्वांत जवळची वाटते ती जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स. त्या काळी तिथल्या विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. घरात आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि स्वयंपाकपाणी तिच्याकडे. पाण्यावर स्निग्ध पदार्थाचा तवंग आला की पाण्याचा पृष्ठताण बदलतो, हे तिने घरच्या घरी, स्वतः बनविलेल्या पत्र्याच्या लहानशा कुंडीत मोजले. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता. त्याच्याकडून पुस्तके मिळत. तिने आपले निष्कर्ष लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविले आणि त्यांनी ते पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापवून आणले. ज्या स्वयंपाकघरात आपण केवळ तेलकट ताटे पाहतो, तेथे तिने एक शास्त्र पाहिले.

दोन चंचुपात्रांची रीत

पातळ थर करण्याच्या अनेक रीती आहेत. निर्वात पात्रात धातूची वाफ करून ती काचेवर बसविणे ही त्यांतली एक. परंतु तिला लागणारी यंत्रसामग्री ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची. सुदैवाने रसायनशास्त्राने दुसरी वाट करून दिली आहे. १९८५ मध्ये निकोलाऊ या शास्त्रज्ञाने एक पद्धत मांडली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक असून ‘सिलार’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. काच एका द्रावणात बुडवायची, तिला काही आयन चिकटतात. मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची, तेथे चिकटलेल्या आयनांची क्रिया होऊन घन थर बनतो. पुन्हा पहिले, पुन्हा दुसरे. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाकाचे थेंब टाकून तो आटवायचा, पुन्हा थेंब टाकायचे, आणि असे करता करता काटा फुलवायचा; तसाच हा धीराचा उद्योग.

या साध्या रासायनिक पद्धतींचे महाराष्ट्राशी विशेष नाते आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रीतींनी अनेक पदार्थांचे थर तयार केले. २००४ मध्ये पठाण आणि लोखंडे यांनी या पद्धतीचा घेतलेला विस्तृत आढावा बंगळूरच्या ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये आला. महागड्या यंत्राविना, चंचुपात्रे आणि तापमापक यांच्या बळावर गंभीर संशोधन करता येते, हे त्यातून आमच्यासारख्यांना कळते.

आमच्या चौघांच्या गटाने झिंक ऑक्साइडचा थर निवडला. कॅडमियम सल्फाइडचा पिवळाधमक थर दिसायला अधिक देखणा. पण कॅडमियम आणि शिसे विषारी, आणि वापरलेले द्रावण शेवटी जाणार कोठे, हा प्रश्न सरांनी पहिल्याच दिवशी विचारला. जस्त त्या मानाने सौम्य. झिंक सल्फेट तर आपल्याकडे शेतकरी सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून पिकाला देतात. आम्ही अर्थात प्रयोगशाळेसाठीचे शुद्ध झिंक सल्फेट घेतले.

कृती अशी : झिंक सल्फेटच्या द्रावणात थोडा थोडा अमोनिया घालायचा. प्रथम पांढरा साका येतो. अमोनिया घालत राहिले की तो विरघळून द्रावण पुन्हा नितळ होते. हे पहिले पात्र. दुसऱ्या पात्रात ऊन पाणी. स्वच्छ काचपट्टी पहिल्यात काही सेकंद, मग उन्ह्यात काही सेकंद. उष्णतेने अमोनिया निघून जातो आणि जस्ताचे हायड्रॉक्साइड व ऑक्साइड काचेवर बसते. तिसऱ्या पात्रातील पाण्यात सुटी भुकटी धुवायची. असे वीस किंवा चाळीस फेरे झाले की काच भट्टीत तापवायची, म्हणजे उरलेल्या हायड्रॉक्साइडचेही ऑक्साइड होते. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, कारण अमोनियाचा वास डोळ्यांतून पाणी काढतो.

पण हा थर आपला कशावरून?

काच पांढरी झाली, काम संपले, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच खरा प्रश्न सुरू होतो. आपल्या भागातील कूपनलिकांचे पाणी जड. चहाच्या भांड्याला आणि पाणी तापविण्याच्या बंबाला आतून चढणारा पांढरा राप घराघरांतल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. तो कॅल्शियम कार्बोनेटचा. आता काच जर वारंवार उन्ह्या पाण्यात बुडवली, तर तिच्यावर बसलेला पांढरा थर जस्ताचा की पाण्याचा? डोळ्यांना दोन्ही सारखेच.

म्हणून सरांनी अट घातली : प्रत्येक प्रयोगाबरोबर एक साक्षीदार काच हवी. तिला तेवढेच फेरे, तेच तापमान, तोच अमोनिया. फक्त जस्त नाही. आम्ही मुद्दाम दोन साक्षीदार केल्या. एक ऊर्ध्वपातित पाण्याची, दुसरी नळाच्या पाण्याची. नळाच्या पाण्याची काच जस्ताचा कणही नसताना अंधुक पांढरी झाली! ऊर्ध्वपातित पाण्याची काच मात्र नितळ राहिली. ही नितळ काच दिसायला काहीच नाही. पण तिच्याशिवाय आमच्या बाकीच्या सर्व काचांना काडीचीही किंमत नव्हती. पुढील सर्व काम ऊर्ध्वपातित पाण्यातच झाले, हे ओघाने आलेच.

पुढे आणखी खातरजमा. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की कार्बोनेट फसफसते, झिंक ऑक्साइड मुकाट्याने विरघळते. शिवाय झिंक ऑक्साइड तापले की पिवळसर होते आणि थंड होताच पुन्हा पांढरे. एका काचेवरची भुकटी खरवडून आम्ही हे करून पाहिले. क्ष-किरणांचे यंत्र आमच्यापाशी नाही. परंतु यंत्र नाही म्हणून प्रश्न विचारायचाच नाही, असे थोडेच आहे!

भाकरीचे गणित

आता आखणीकडे वळू. थर कसा होईल हे तीन गोष्टींवर अवलंबून असावे असे आम्ही धरले : फेरे (२० की ४०), उन्ह्याचे तापमान (७५ की ९५ अंश) आणि द्रावणाची तीव्रता (कमी की जास्त). शाळेपासून आपल्याला शिकविले जाते की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या स्थिर ठेवा. हे चूक नाही, पण अपुरे आहे. का ते भाकरीवरून पाहू.

ज्वारीचे ताजे पीठ असेल तर थंड पाण्यातही भाकरी थापता येते. त्याच पिठाची विरी गेली असेल तर भाकरी तुटते. मग आधण आणून उकळते पाणी घालावे लागते. आता कोणी विचारले, “गरम पाण्याचा भाकरीला फायदा किती?” तर उत्तर काय द्यावे? ताज्या पिठाला थोडा, शिळ्या पिठाला फार. म्हणजे पाण्याचा परिणाम पिठावर अवलंबून आहे. ज्याने फक्त ताजे पीठ घेऊन पाणी बदलून पाहिले, त्याला हे कधीच कळणार नाही. संख्याशास्त्रात याला दोन घटकांची आंतरक्रिया म्हणतात. आपल्या आज्यांना ती नावाशिवाय ठाऊक होती.

म्हणून तिन्ही घटकांच्या दोन-दोन पातळ्यांची सर्व जुळणी करायची : दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ काचा. यातली गंमत अशी की प्रत्येक घटकाचा परिणाम काढताना आठही काचा उपयोगी पडतात, चार एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला. एका वेळी एकच घटक बदलण्याच्या रीतीने तेवढाच भरवसा हवा असेल तर सोळा काचा लागतील, आणि आंतरक्रिया तरीही दिसणार नाही. ज्यांच्याकडे रसायने मोजकी आणि ऊर्ध्वपातित पाणी त्याहून मोजके, त्यांना हा हिशेब फार मोलाचा.

ही विद्या जन्मली ती शेतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी तिची मांडणी केली आणि १९३५ मध्ये त्यांचा ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ हा ग्रंथ आला. शेताच्या एका कडेला काळी कसदार जमीन, दुसऱ्या कडेला मुरमाड. एका वाणाला सगळी काळी जमीन दिली तर तो वाण जिंकणारच. पण जिंकले कोण, वाण की जमीन? म्हणून सारख्या जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटात सर्व वाण पेरायचे, आणि कोणता वाण कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आपल्याकडे हे शास्त्र रुजविण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे शेतीविषयक संख्याशास्त्रीय पद्धतींचे इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

आमच्या टेबलावरही काळी आणि मुरमाड जमीन होतीच. अमोनिया उडून जातो. सकाळचे द्रावण दुपारी तेच राहत नाही. आधी वीस फेऱ्यांच्या सर्व काचा आणि नंतर चाळीस फेऱ्यांच्या असा क्रम ठेवला असता, तर फेऱ्यांचा परिणाम कोणता आणि शिळ्या द्रावणाचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. तेव्हा काम दोन दिवसांत विभागले. प्रत्येक दिवशी चार काचा, प्रत्येक घटकाच्या दोन्ही पातळ्या सारख्या वाट्याला येतील अशा. आणि दिवसातला क्रम चिठ्ठ्या टाकून.

जाडी मोजणे

थराची जाडी मोजायला सूक्ष्मदर्शकच हवा असे नाही; चांगला तराजू पुरतो. काच आधी आणि नंतर तोलायची. समजा, वजन ५.६ मिलिग्रॅमने वाढले. काच अडीच सेंटिमीटर रुंद असून चार सेंटिमीटर बुडाली, तर एका बाजूचे क्षेत्र दहा चौरस सेंटिमीटर. पण थर दोन्ही बाजूंना बसतो, म्हणून वीस धरायचे. झिंक ऑक्साइडची घनता दर घन सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. भागाकार केला की जाडी येते अर्धा मायक्रॉन. (प्रत्यक्ष थर सच्छिद्र असल्याने जाडी थोडी अधिकच असणार.) आता तराजूच जर एका मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा असेल, तर ५.६ चे ५ की ६ हेही सांगता येणार नाही; दहाव्या भागापर्यंत वाचणारा असेल तर आकड्यावर विश्वास ठेवता येतो. म्हणजे उत्तर किती खरे, हे प्रयोग करण्यापूर्वीच तराजूकडे पाहून सांगता येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे एक आठवण द्यावीशी वाटते. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दा. ध. कोसंबी यांनी तक्षशिलेची प्राचीन आहत नाणी हजारोंच्या संख्येने तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन किंचित घटते. त्या घटीचा संख्याशास्त्रीय अभ्यास करून त्यांनी नाणी किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधला. आम्ही चढलेला थर तोलतो, त्यांनी गेलेला थर तोलला. तराजू आणि तर्कशास्त्र एकच.

आठवी काच

आमचे निष्कर्ष थोडक्यात सांगतो. फेरे वाढले की थर वाढतो, हे अपेक्षितच होते. तापमानाचा परिणाम त्याहून बोलका निघाला. कमी तापमानाला थर भुकटीसारखा बसून धुताना जात होता. त्यामुळे तेथे जास्तीच्या वीस फेऱ्यांनी फारसे काही साधले नाही. ९५ अंशांना मात्र तेच वीस फेरे कामी आले. हीच ती भाकरीची आंतरक्रिया.

आणि एक काच या सर्वांत बसेना. चाळीस फेरे, चढे तापमान, तीव्र द्रावण : गणिताप्रमाणे हिचा थर सर्वांत जाड यायला हवा. पण शेवटी धुताना तो पापुद्र्यासारखा सुटून पाण्यात गेला. सादरीकरणाला चार दिवस उरले होते. गटात चर्चा झाली. काच नीट धुतली नसेल, ती वगळावी, असे एक मत. आकडा तसाच लिहावा, असे दुसरे. अखेर ठरले की मत नको, आणखी एक काच करू. तिसऱ्या दिवशी ताजे द्रावण करून, काच अधिक काळजीने धुऊन, तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळीही थराच्या कडा सुटल्या. तेव्हा तो केवळ अपघात नव्हता. थर एका मर्यादेपलीकडे वाढला की काचेवरची पकड सुटते, असे मानायला जागा झाली. आम्ही दोन्ही काचा अहवालात लिहिल्या. वगळली असती तर आमचा आलेख सुंदर दिसला असता आणि त्या सहा आठवड्यांत हाती आलेली सर्वांत उपयुक्त गोष्ट केराच्या टोपलीत गेली असती.

प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी ठाऊक असते. गुरुत्वत्वरण ९.८ यायचे, म्हणजे यायचेच. मग वाचने त्याच्याकडे सरकवण्याचा मोह सर्वत्र होतो आणि अनेक ठिकाणी तो रीतच बनतो. अशा वहीतून विद्यार्थी हस्ताक्षर शिकतो, विज्ञान शिकत नाही. प्रकल्पाचे उत्तर कोणत्याच पुस्तकाच्या मागे छापलेले नसते. तेथे साक्षीदार काच, चिठ्ठ्या, पुनरावृत्ती आणि न वगळलेला आकडा एवढाच आधार. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकल्पाला स्थान दिले आहे. त्याची पुन्हा वही होऊ द्यायची की नाही, हे आपल्या हाती आहे.

आणि हे केवळ विज्ञानवाल्यांसाठी नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावाची पाहणी करतो. कोणत्या घरांत गेलो? रस्त्यालगतच्या की वस्तीवरच्याही? सकाळी गेलो, तेव्हा मजुरीला जाणाऱ्या बायका घरी होत्या का? ज्या कुटुंबाचे उत्तर आपल्या निष्कर्षात बसले नाही, त्याचा कागद कोठे गेला? अर्थशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या, भूगोलाच्या मित्रांनी आपल्या प्रश्नावलीला हे प्रश्न विचारून पाहावेत. पुढील वर्षी आमचा गट त्याच थराचा विद्युतरोध उन्हात आणि सावलीत मोजणार आहे. चिठ्ठ्या टाकायला आणि आकडे लिहायला एखादा कलाशाखेचा मित्र बरोबर आला, तर आम्हांला हवाच आहे.